पार्श्वभूमी : ‘लेटेस्ट’ टॅग आणि डिप्लॉय स्क्रिप्ट

कुबरनेटीस (अनेक सर्व्हरच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, कंटेनर चालवणारी प्रणाली) वापरताना ‘अप्लाय’ ही, वायएएमएल फाइलमध्ये लिहिलेली स्थिती क्लस्टरला कळवणारी कमांड बिनचूक संपते, स्क्रिप्ट ‘डिप्लॉय झाले’ असं छापते आणि क्लस्टरवर जुनाच कोड चालू राहतो. मायक्रोसर्व्हिसेस (एका अ‍ॅपचे छोटे, स्वतंत्र भाग) शेल स्क्रिप्टने चढवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. रोलआउटचं, म्हणजे जुन्याच्या जागी नवी आवृत्ती आणण्याचं, काम स्क्रिप्टच्या हातून क्लस्टरच्या हाती गेलं, पण स्क्रिप्ट लिहिण्याची सवय बदलली नाही, हे त्याचं मूळ कारण.

कंटेनर म्हणजे इतरांपासून वेगळी ठेवलेली प्रोसेस, आणि त्यामागची कल्पना जुनी आहे. प्रोसेसला वेगळी रूट डिरेक्टरी देणारं सीएचरूट १९७९ च्या युनिक्समधलं. लिनक्स कर्नलमध्ये प्रोसेसच्या गटाला मेमरी, सीपीयूची मर्यादा घालणारे सीग्रुप्स २००८ साली आले. अ‍ॅप ‘इमेज’ नावाच्या पॅकेजमध्ये बांधून त्यावरून कंटेनर चालवणारा डॉकर मार्च २०१३ मध्ये खुला झाल्यावर बहुतेक स्क्रिप्टांचा साचा एकच होता : सर्व्हरच्या यादीवर लूप, प्रत्येक ठिकाणी एसएसएचने शिरायचं, मग पुल (नवी इमेज उतरवणं), स्टॉप, आरएम (जुना कंटेनर काढणं), रन. ‘डॉकर स्टॉप’ डीफॉल्टने १० सेकंद थांबतो आणि मग प्रोसेस मारतो. तेव्हापासून नवा कंटेनर उभा राहीपर्यंत ती सेवा त्या सर्व्हरवर बंद.

कुबरनेटीस जून २०१४ मध्ये जाहीर झालं, १.० जुलै २०१५ मध्ये आलं. सुरुवातीला तिथेही रोलआउट क्यूबसीटीएल या कमांड-लाइन साधनातली ‘क्यूबसीटीएल रोलिंग-अपडेट’ ही कमांड स्वतःच चालवत असे : नवा रेप्लिकेशन कंट्रोलर (ठरलेल्या संख्येने पॉड चालू ठेवणारा) बनवायचा, नवे पॉड (कंटेनर चालवण्याचं सर्वांत छोटं एकक) वाढवत आणि जुने घटवत न्यायचे. हा सगळा हिशेब कमांड चालवणाऱ्याच्या मशीनवर. मध्येच नेटवर्क तुटलं की क्लस्टरमध्ये दोन कंट्रोलर अर्धे-अर्धे उरत. १.१ आणि १.२ या आवृत्त्यांत डिप्लॉयमेंट हा ऑब्जेक्ट रुळला आणि हिशेब क्लस्टरमधल्या कंट्रोलरकडे गेला. जुनी कमांड मार्च २०२० मध्ये, १.१८ आवृत्तीत, काढून टाकली.

हा बदल योग्यच होता, पण त्यातून एक नियम आला : पॉड टेम्प्लेटचा (पॉड कसा असावा याच्या वर्णनाचा) मजकूर बदलला तरच नवा रोलआउट. आणि इथे ‘लेटेस्ट’ आडवा येतो. नावावरून वाटतं की सर्वांत ताजी इमेज. प्रत्यक्षात टॅग, म्हणजे इमेजच्या आवृत्तीचं लेबल, लिहिला नाही तर डॉकर जो टॅग धरतो त्याचं हे नाव, एवढंच. ‘१.४’ टॅग लावून इमेज पुश केली तर ‘लेटेस्ट’ जागचा हलत नाही. तो हलवून पुश केला, तरी वायएएमएलमधली ओळ तीच असते. ‘अप्लाय’ तिथे ‘अनचेंज्ड’ म्हणून मोकळा होतो. ‘लेटेस्ट’ टॅग असेल तर इमेजपुलपॉलिसी (इमेज कधी उतरवायची ते ठरवणारी सेटिंग) आपोआप ‘ऑलवेज’ होते, म्हणून अनेकांना वाटतं की नवी इमेज येईलच. पण नवी इमेज तपासली जाते पॉड नव्याने सुरू होताना. चालू पॉडला त्याचा पत्ताही नसतो. अशात एखादा नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) पडला आणि पॉड दुसरीकडे उभा राहिला, की तो एकटा नवी इमेज उचलतो आणि एकाच सेवेच्या दोन आवृत्त्या उत्तरं देऊ लागतात.

यावर लोकांनी पॉड डिलीट करणं, पॅच करून टेम्प्लेटच्या अ‍ॅनोटेशनमध्ये (जोडलेल्या नोंदीत) तारीख घालणं असे उपाय काढले. थेट रीस्टार्टची कमांड द्यावी की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. कॉन्फिग न बदलता रोलआउट करणं म्हणजे घोषित स्थितीच्या तत्त्वाला बगल, असा एक पक्ष होता. अखेर १.१५ मध्ये, २०१९ साली, ‘रोलआउट रीस्टार्ट’ आलं. तेही अंतर्गत टेम्प्लेटमध्ये वेळेचं अ‍ॅनोटेशनच घालतं. सोय झाली, पण रोग तसाच राहिला : मागच्या आवृत्तीवर परतवणारं ‘रोलआउट अनडू’ केलं तरी मागच्या रिव्हिजनमध्ये ‘लेटेस्ट’च लिहिलेलं असतं, मग परतायचं कशावर? टॅग म्हणून गिट कमिटचा हॅश लावणं किंवा इमेजचा डायजेस्ट (तिच्या मजकुरावरून काढलेली, न बदलणारी ओळख) लिहिणं, हाच खरा इलाज.

त्यासाठी वायएएमएलमध्ये टॅग भरणं आलं. त्यासाठी मजकुरातले शब्द बदलणाऱ्या कमांड वापरल्या गेल्या : आधी सेड, मग व्हेरिएबलच्या जागी त्यांच्या किमती भरणारी एन्व्हसब्स्ट. एन्व्हसब्स्टला कोणते व्हेरिएबल बदलायचे ते सांगितलं नाही, तर कॉन्फिगमॅपमधल्या (क्लस्टरमध्ये सेटिंग्ज ठेवणारा ऑब्जेक्ट) एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या ‘$होस्ट’सारख्या खुणाही रिकाम्या होतात. मार्च २०१९ मध्ये वायएएमएलमध्ये असे बदल करून देणारं कस्टमाइझ क्यूबसीटीएलमध्येच आलं, तेव्हा इमेज टॅगपुरती ही कसरत संपली.

उरलं वाट पाहणं. एपीआय सर्व्हरने मजकूर स्वीकारला की ‘अप्लाय’ शून्य एक्झिट कोड देतो. पॉड इमेजपुलबॅकऑफमध्ये (इमेज उतरत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न चालू) अडकला तरी. म्हणून पुढे रोलआउट पूर्ण होईपर्यंत थांबणारा ‘रोलआउट स्टेटस’ हवाच. डिप्लॉयमेंटच्या ‘एक्स्टेन्शन्स/व्ही१बीटा१’ या जुन्या एपीआय आवृत्तीत रोलआउटला मुदत नव्हती, स्क्रिप्ट अनंतकाळ लटकत, ‘अ‍ॅप्स/व्ही१’मध्ये डीफॉल्ट ६०० सेकंद आहेत. ‘रोलआउट स्टेटस’चा आउटपुट टी कमांडमधून (आउटपुट फाइलमध्येही लिहिणारी) लॉगमध्ये नेला आणि शेलचा पाइपफेल (साखळीतली कुठलीही कमांड फसली तर ते कळवणारा पर्याय) लावला नाही, तर एक्झिट कोड टीचा मिळतो आणि फसलेला रोलआउट यशस्वी दिसतो. डेटाबेस मायग्रेशनच्या जॉबचं (एकदाच चालून संपणाऱ्या कामाच्या ऑब्जेक्टचं) टेम्प्लेट बदलता येत नाही, त्यामुळे दुसऱ्याच डिप्लॉयला ‘अप्लाय’ नकार देतो. जॉबच्या नावातच टॅग घालावा. शिवाय ‘कम्प्लीट’ची वाट पाहणारी ‘वेट’ कमांड जॉब फसला तरी टाइमआउट संपेपर्यंत थांबूनच राहते, म्हणून ‘फेल्ड’ स्थितीही स्क्रिप्टमध्ये वेगळी तपासावी लागते.