शेवटची बेणणी झाली? मग मशीन टांगण्याआधी हे वाचा

बागेतलं गवत काढून झालं की ग्रास कटर पडवीत टांगला जातो, तो थेट पुढच्या जूनमध्ये खाली येतो. गंज चढतो तो याच काळात. आपल्याकडचा खारा वारा धातूवर मीठ सोडतो, मीठ हवेतली ओल ओढतं. म्हणून दिसायला कोरडं असलेलं मशीनही आतून ओलं राहतं.

गार्डखाली चिकटलेलं गवत लाकडी चिपेने खरवडा. गोड्या पाण्याने फडकं भिजवून पुसा. विहीर खारी असेल तर ते पाणी नकोच. प्रेशर पंपाने धुऊ नका, पाणी बेअरिंग आणि एअर फिल्टरमध्ये शिरतं. पुसल्यावर इंजिन पाच मिनिटं चालवा. त्याच्या उष्णतेने सांदीतली ओल जाते. मग ब्लेड, नटबोल्टवर नव्या ऑइलचा पातळ हात. जळकं ऑइल लावायची सवय बऱ्याच जणांना आहे, पण त्यात काजळी आणि आम्ल असतं.

रंग उडाला असेल तर तिथला गंज पॉलिश पेपरने पूर्ण काढून रेड ऑक्साईड, आणि तो सुकल्यावर रंग. गंजावरच रंग मारलात तर पैसे वाया. सायलेन्सरला मात्र उष्णता सोसणारा रंगच लागतो. गिअरबॉक्सवर पांढरी भुकटी दिसली तर तो ॲल्युमिनियमचा गंज. त्यावर रेड ऑक्साईड चालत नाही, प्रायमर वेगळा असतो. चकाकी टिकवायला थिनर किंवा पेट्रोल नको, साबणाचं पाणी आणि गाडीचं वॅक्स पुरे.

सुपारीवर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारणाऱ्यांनी जास्त जपावं. मोरचूद लोखंड खातं. मिश्रणात खिळा बुडवून तो तांबूस झाला तर चुना कमी पडला असं आपण म्हणतो ना, तेच फवारणी पंपाच्या लोखंडी भागांचंही होतं. काम संपताच टाकी, नळी, नोझलमधून स्वच्छ पाणी सोडा. उद्यावर ढकलू नका.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषतं. टाकी रिकामी करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो.

दसऱ्याला मशीन पुजलंत की झेंडूचा ओला हार दुसऱ्या दिवशी उतरवा. त्याच्याखालीही गंज धरतो. झाकायला प्लॅस्टिक नको, जुनी सुती चादर घ्या. खताच्या गोणींपासून लांब ठेवा.

सर्व्हिसिंगसाठी शिमग्यानंतर या. मेअखेरीस दुकानात रांग असते आणि मग आमच्याकडूनही घाई होते.