राणी आहे की नाही, हे माश्यांनाच विचारावे

सातेरी या देशी मधमाश्यांची पेटी उघडली, एकेक चौकट उजेडाकडे धरून पाहिली आणि कुठल्याच पोळ्यात अंडे दिसले नाही, की राणी मेली असे नवखा मधपाळ लगेच ठरवून टाकतो. हे निदान बऱ्याचदा चुकते. सातेरीची राणी बुजरी असते आणि उजेड पडताच पोळ्याच्या पाठीमागे किंवा थेट पेटीच्या भिंतीवर पळते, त्यामुळे ती नजरेला न पडणे हा कसलाच पुरावा नव्हे. राणीला शोधण्यापेक्षा तिचे काम शोधावे.

अंडे तीन दिवसांनी फुटते, त्यातली अळी पाच-सहा दिवस उघड्या घरात वाढते आणि मग कामकरी माश्या त्या घरावर मेणाचे झाकण घालतात. हे वेळापत्रक पाठ असले की पोळ्यावरून तारखा वाचता येतात. अंडी आहेत पण राणी दिसत नाही, तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत ती नक्की होती. अंडी आणि उघड्या अळ्या दोन्ही नाहीत, फक्त झाकलेली घरे आहेत, तर अंडी घालणे बंद होऊन आठवडा उलटला आहे. झाकलेली घरेही संपली असतील, तर सुमारे तीन आठवडे गेले असे समजावे.

मात्र अंडी बंद होणे आणि राणी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी राणी गेल्यावर कामकरी माश्या कोवळ्या अळ्या निवडून त्यांच्याभोवती राणीघरे बांधतात. अंड्यापासून राणी बाहेर पडेपर्यंत साधारण 16 दिवस लागतात, त्यानंतर तिला उडण्याजोगे व्हायला काही दिवस, मीलनाला चांगल्या हवेचा दिवस आणि पहिले अंडे घालायला आणखी दोन-तीन दिवस जातात. म्हणजे पेटीत धडधाकट कुमारी राणी फिरत असतानाही तीन-चार आठवडे अंड्यांचा पत्ता नसतो. अशा वेळी रिकाम्या राणीघराचे टोक निरखावे. झाकण बिजागरीवरच्या टोपीसारखे एका बाजूने लोंबत असेल, तर राणी सुखरूप बाहेर पडली आहे. घर कुशीतून फोडलेले असेल, तर आतल्या राणीचा काटा आधी निघालेल्या बहिणीने किंवा कामकरी माश्यांनी काढलेला असतो. पोळ्याच्या मधली घरे पुसून लख्ख केलेली आणि रिकामी ठेवलेली दिसली, तर राणीची वाट पाहिली जात आहे. त्यांतच मकरंद आणि पराग भरू लागले असतील, तर संशय वाढतो.

तरीही खात्री पटत नसेल, तर एक सोपी परीक्षा आहे आणि माझ्या मते ती सर्वांत प्रामाणिक आहे. शेजारच्या चांगल्या वसाहतीतले अंडी आणि अगदी कोवळ्या अळ्या असलेले एक पोळे, त्यावरच्या माश्या झटकून, या पेटीच्या मधोमध बसवावे आणि तीन-चार दिवसांनी पाहावे. त्यावर राणीघरे सुरू झाली असतील, तर वसाहत राणीविना आहे, आणि उपायही त्याच पोळ्यात आहे. घरे बांधलीच नाहीत, तर आत बहुधा राणी आहे. मग पेटी बंद करून दोन आठवडे हात बांधून बसावे. सातेरी फार चिडवली तर पेटीच सोडून जाते.

वेडीवाकडी पोळी इथे दोन प्रकारे आड येतात, आणि ते प्रकार वेगळे ओळखावे लागतात.

पहिल्या प्रकारात पोळ्याचा आकार हाच रोग सांगतो. राणी आणि अंडी दोन्ही बराच काळ नसली, की काही कामकरी माश्यांचे अंडाशय जागे होतात. सातेरीत हे मेलिफेरा या युरोपीय मधमाशीहून लवकर घडते. त्यांचे मीलन झालेले नसल्याने त्यांच्या अंड्यांतून फक्त नर निघतात. मधपाळ धर्मगुरू योहान झिअरझोन यांनी 1845 साली मांडलेला हाच तो नियम. कामकरी माशीचे पोट आखूड असते, ते घराच्या तळापर्यंत नीट पोचत नाही; म्हणून एकेका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसतात. पुढे लहान घरांत मोठे नर वाढू लागले की झाकणे फुगतात आणि पोळ्यावर टेंगळे येतात. सातेरीच्या नराच्या कोषाच्या टोकाला तर टाचणीने टोचल्यासारखे बारीक भोक असते, त्यामुळे ही घरे ओळखायला भिंगही लागत नाही. अशी वसाहत नवी राणी सहसा स्वीकारत नाही, तेव्हा ती राणी असलेल्या जोमदार वसाहतीत मिसळणे बरे. पावसाच्या झडीत मीलन हुकलेली राणीही फक्त नर देते, पण तिचे अंडे घरात एकच आणि तळाशी असते.

दुसरा वाकडेपणा राणीचा नव्हे, पेटीचा. माश्या साखळ्या करून लोंबतात आणि पोळे ओळंब्यात बांधतात. पेटी कलती असेल, चौकटींत अंतर जास्त राहिले असेल, मेणपत्रा (घरांचे ठसे उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा) लावलेला नसेल किंवा तो मेलिफेराच्या मोठ्या घरांचा असेल, तर एक पोळे दोन-तीन चौकटींना जोडले जाते. अशी चौकट ओढून काढली तर पोळे फाटते, मध सांडतो, आणि राणी चिरडली जाण्याची भीती असते. म्हणून आधी राणीचा निकाल लावावा, मग पोळे सरळ करावे.

काम सकाळच्या गारव्यात करावे, कारण पांढरे कोवळे पोळे दुपारच्या उन्हात हातातच वाकते. जोडलेला भाग पातळ सुरीने कापावा, मधाचा वाटा बाजूला काढावा आणि अंडी-अळ्यांचा तुकडा, वरची बाजू वरच ठेवून, चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने किंवा सुती दोऱ्याने बांधावा. घरांची तोंडे किंचित वर झुकलेली असतात, त्यावरून वरची बाजू कळते. माश्या काही दिवसांत मेणाने सांधा जोडतात, दोरा कुरतडतात आणि त्याचे तुसे पेटीच्या दाराशी आणून टाकतात.