रोबॉटच्या बोटांतील बल-टॉर्क संवेदन

यांत्रिक हाताच्या बोटाच्या टोकाशी संवेदक बसवून स्पर्शातून येणारे बल व टॉर्क (पिळण्याचा परिणाम) मोजण्याची पद्धत. पूर्ण क्षमतेचा संवेदक परस्परांना लंब असलेल्या तीन अक्षांवर बलाचे तीन आणि टॉर्कचे तीन घटक देतो. त्यामुळे त्याला षडक्षीय म्हणतात.

मोजणीचा पाया म्हणजे विकृतिमापक (स्ट्रेन गेज) : भाराखाली वस्तूच्या लांबीत होणारा सापेक्ष बदल (विकृती) मोजणारे साधन. ताणलेल्या तारेचा विद्युत रोध बदलतो, हे विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५६ मध्ये नोंदवले. पृष्ठभागावर तार चिकटवून विकृती मोजण्याची कल्पना मात्र १९३८ च्या सुमारास दोन ठिकाणी पुढे आली : कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एडवर्ड सिमन्स आघात-चाचण्यांवर, तर मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आर्थर रूज भूकंपातील पाण्याच्या टाक्यांवर काम करत होते. पेटंट १९४२ मध्ये सिमन्स यांना मिळाले, पण ‘एसआर-४’ या व्यापारी नावात दोघांचीही आद्याक्षरे आहेत. ४ हा अंक कामाशी संबंधित चौघांचा, असे सांगितले जाते. दोघांचे शोध स्वतंत्र मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

धातूच्या पातळ पत्रीच्या मापकाचा गेज गुणांक (रोधातील सापेक्ष बदलाचे विकृतीशी गुणोत्तर) साधारण २ असतो. सिलिकनचा १०० च्या वर जातो. त्यामागील दाब-रोध परिणाम (दाब वा ताणाने पदार्थाची रोधकता बदलणे) चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखवला. बोटाच्या टोकात जागा कमी आणि रचना ताठ हवी, त्यामुळे विकृती अगदी थोडी होते. म्हणून तेथे बहुधा सिलिकनचे मापक वापरतात आणि त्यांची तापमान-संवेदनशीलता सोसावी लागते. नेहमीच्या वापरातील नॅनो-१७ या संवेदकाचा व्यास १७ मिमी आहे. अशा संवेदकांत मधल्या गाभ्याला बाहेरच्या कड्याशी जोडणाऱ्या दांड्यांवर मापक असतात व ते व्हीटस्टन सेतूत (रोधातील सूक्ष्म बदल मोजणाऱ्या विद्युत मंडलात) जोडलेले असतात. एका अक्षावरील भाराचा अंश दुसऱ्या अक्षाच्या वाचनात डोकावतो, म्हणून कॅलिब्रेशनची (ज्ञात भार देऊन वाचने जुळवण्याची) ६×६ सारणी काढावी लागते.

खरे वैशिष्ट्य यापुढचे आहे. बोटावर संवेदकांची त्वचा न पसरता, केवळ आतल्या मापनावरून स्पर्श नेमका कोठे झाला हे काढता येते. केनेथ सॅलिसबरी यांनी १९८४ मध्ये हा विचार मांडला. त्याचा सविस्तर विस्तार अँतोनिओ बिक्की, सॅलिसबरी व डेव्हिड ब्रॉक यांच्या १९९३ च्या निबंधात आहे. स्पर्शबिंदू p, बल f आणि टॉर्क m असल्यास घर्षणासह बिंदुस्पर्शासाठी m = p × f (× म्हणजे सदिश गुणाकार). यावरून p स्वतः मिळत नाही. (f × m)/|f|² या बिंदूतून f च्या दिशेने जाणारी रेषा तेवढी मिळते. टोकाचा आकार ठाऊक असला की रेषा बहिर्गोल पृष्ठभागाला दोन ठिकाणी छेदते आणि जेथे बल आत ढकलणारे असते तो बिंदू निवडतात. बोट मऊ असल्यास स्पर्शाच्या लंबाभोवती पीळही येतो : m = p × f + kn (n ही लंबाची दिशा, k पिळाचे मान). अज्ञात चार (p चे तीन घटक व k), समीकरणेही चार, कारण पृष्ठभागाचे समीकरण चौथे ठरते. गोल व विवृत्तज (लंबगोल) टोकांसाठी उत्तर सूत्ररूपात मिळते.

बल फार लहान असले की भागाकारामुळे चूक फुगते. दोन ठिकाणी एकदम स्पर्श झाला तर निघणारा बिंदू दोहोंपैकी कोणताही नसतो. हात वेगाने हलताना टोकाचे स्वतःचे जडत्वही वाचनात मिसळते.

वस्तू धरताना स्पर्शरेषीय बलाचे लंब बलाशी गुणोत्तर घर्षणांकापेक्षा कमी राहणे आवश्यक असते; संवेदकातून हे गुणोत्तर कळते, म्हणून घसरण होण्यापूर्वीच पकड वाढवता येते. माणूस हेच करतो, असे योहान्सन व वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये दाखवले. मात्र माणसाच्या एका हाताच्या तळव्यात व बोटांत सुमारे १७,००० स्पर्शग्राहक असतात.

जर्मन एरोस्पेस सेंटरच्या चार बोटांच्या दुसऱ्या हातात (सु. २००१) प्रत्येक टोकाला षडक्षीय संवेदक होता. बायोटॅक (विद्युतवाहक द्रव) व जेलसाइट (पारदर्शक जेल व कॅमेरा) हे नंतरचे पर्याय स्पर्शक्षेत्राचा आकारही सांगतात, मात्र त्यांतून बल काढायला गणिती प्रतिमान (मॉडेल) लागते. नेमकी पकड अपेक्षित असेल तेथे थेट मापनच अधिक विश्वासार्ह ठरते. हात गमावलेल्यांना बसवायच्या कृत्रिम हातांत वजन व किंमत यांमुळे बहुधा एखाद-दुसरा घटकच मोजतात.