आय-जेल टाकलं म्हणजे पेशंट इंट्युबेट झाला असं नाही

घोडबंदर रोडचं ट्रॅफिक पार करून अॅम्ब्युलन्स येते, स्ट्रेचर आत येतं, सोबतचा मुलगा सांगतो 'सर, इंट्युबेटेड आहे', म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब टाकलीये, आणि बघावं तर तोंडात आय-जेल, घशात वरच बसणारं श्वासाचं साधन. ठाण्यात कॅज्युअल्टीला काम करताना हे इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

ईटी ट्यूब, म्हणजे श्वासनलिकेत घालायची नळी, तुम्हाला माहितीये. लॅरिंगोस्कोपने घशात बघितलं, कॉर्ड्स (स्वरतंतू) दिसल्या, ट्यूब आत, तिच्यावरचा फुगा म्हणजे कफ फुगवला, झालं. आय-जेल कॉर्ड्स न बघता टाळूला धरून सरकवायचं, ते घशात जाऊन बसतं. कफ नाही, म्हणून सिरिंज शोधू नका. कफवाला तो एलएमए (लॅरिंजियल मास्क), भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांनी 1981 मध्ये लंडनला पहिल्यांदा वापरलेला. साइज वजनावर, 4 नंबर 50 ते 90 किलोला, तिथेच छापलेलं असतं.

खरा घोळ जागेचा आहे. ईटी ट्यूब कॉर्ड्स ओलांडून श्वासनलिकेत जाते आणि कफ कॉर्ड्सच्या खाली फुगतो, त्यामुळे उलटी, रक्त, लाळ काहीही आलं तरी बरंचसं तिथे अडतं. आय-जेल कॉर्ड्सच्या वरच थांबतं, टोक अन्ननलिकेच्या तोंडाशी आणि वाटी स्वरयंत्रावर. खालची वाट उघडीच. 'पण सर त्याला गॅस्ट्रिक चॅनल आहे ना' हे तर हमखास येतं. आहे, पोटाकडे जाणारी वाट, 4 नंबरमधून 12 फ्रेंचची रायल्स ट्यूब (पोटात घालायची नळी) जाते, घालून पोट रिकामं करावंच, पण 12 फ्रेंच म्हणजे फक्त 4 मिलिमीटर, पेशंट तासाभरापूर्वी मिसळ खाऊन आलेला असेल तर त्यातून मटकी कशी बाहेर येणार?

एकदा रात्री असाच 'इंट्युबेटेड' पेशंट, कुणी तोंडाकडे नीट बघितलंच नाही, सीटीच्या टेबलावर आडवा केला आणि घशातून घुरघुर सुरू झाली, सक्शनच्या नळीत भाताची शितं. एका चुकीच्या शब्दामुळे सगळे निर्धास्त होते.

आणि लॅरिंगोस्पाझम झाला, कॉर्ड्स मिटल्या, की वर बसलेलं आय-जेल हवा आत ढकलू शकत नाही. दम्याच्या पेशंटला जास्त प्रेशर लागतं, तिथे बाजूने लीक होतं. कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, दोघांनाही हवाच, त्यावर वाद नको.

याचा अर्थ आय-जेल कमी दर्जाचं असं अजिबात नाही हां. रोज ट्यूब टाकायचा हात नसेल तर अॅम्ब्युलन्समध्ये आय-जेलच टाका, मी ठामपणे सांगतो, छातीवरचं कॉम्प्रेशन थांबवून कॉर्ड्स शोधत बसण्यापेक्षा कितीतरी बरं. इंग्लंडमध्ये हॉस्पिटलबाहेरच्या कार्डिअॅक अरेस्टच्या 9 हजारांहून जास्त पेशंटवर दोन्हींची तुलना झाली, 2018 मध्ये निकाल आला, बरं होण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही.

फक्त हँडओव्हर देताना असं सांगा: 'आय-जेल, 4 नंबर, दहा वाजून वीस मिनिटांनी टाकलंय, रायल्स घातलेली नाही, पोट भरलेलं आहे.' मग आम्ही आधी सक्शन हातात घेतो आणि भूलतज्ज्ञांना बोलावतो.