उल्वर

उल्वर हा नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे १९९३ मध्ये स्थापन झालेला संगीतसमूह आहे. नॉर्वेजियन भाषेत ‘उल्व’ म्हणजे लांडगा आणि ‘उल्वर’ हे त्याचे अनेकवचन. ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या उग्र प्रकारापासून निघून लोकसंगीत, इलेक्ट्रॉनिक संगीत, चित्रपटसंगीत, वाद्यवृंद आणि सिंथ-पॉप (सिंथेसायझरवर उभे राहिलेले पॉप) अशा मुक्कामांवर पोहोचलेल्या या बँडमध्ये वादक येत-जात राहिले, परंतु केंद्रस्थानी पहिल्यापासून गायक व संगीतकार क्रिस्टोफर रिग (जन्म १९७६) हेच आहेत. सुरुवातीच्या काळात ते ‘गार्म’ या टोपणनावाने ओळखले जात. उल्वरने शैली किती वेळा बदलली याची मोजदाद नेहमी होते. पण त्यांचे जवळजवळ प्रत्येक मोठे काम एखाद्या मजकुराभोवती, म्हणजे लोककथा, काव्य, चित्रपट किंवा इतिहास यांच्याभोवती रचलेले असते आणि त्या मजकुराला शोभेल असा आवाज नंतर शोधला जातो, ही गोष्ट मात्र सहसा नजरेआड राहते.

बँडचा जन्म झाला तो काळ नॉर्वेच्या ब्लॅक मेटलसाठी अत्यंत अस्वस्थ होता. गिटारच्या तारांवर अखंड जलद आघात, ड्रमचा न थांबणारा भडिमार, किंकाळीच्या अंगाने केलेले गायन आणि मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले ध्वनिमुद्रण ही या प्रकाराची ओळख. त्याच्याशी संबंधित काही तरुण जाळपोळ आणि खुनापर्यंत गेल्याने हे संगीत जगभर बदनामही झाले. जून १९९२ मध्ये बर्गेनजवळचे फान्टोफ्ट येथील जुने लाकडी चर्च जाळण्यात आले आणि ऑगस्ट १९९३ मध्ये ‘मेहेम’ या बँडचे गिटारवादक ओयस्टीन ऑर्सेथ यांचा ऑस्लोत खून झाला. याच वर्षी उल्वरने ‘वार्गनाट’ ही पहिली चाचणी ध्वनिफीत काढली, तेव्हा रिग यांनी विशीही गाठलेली नव्हती. त्यांचा ओढा मात्र आपल्या देशाच्या अरण्यकथांकडे होता.

हा ओढा ‘बेर्गताट’ (१९९५) या पहिल्या अल्बममध्ये पूर्ण रूपाला आला. ‘बेर्गताट’ म्हणजे डोंगराने नेलेली व्यक्ती. नॉर्वेच्या लोकसमजुतीनुसार ट्रोल, म्हणजे लोककथांतले राक्षस, आणि इतर अदृश्य शक्ती माणसाला, विशेषतः तरुण मुलीला, भुलवून डोंगराच्या पोटात ओढून नेतात. आपल्याकडे रानात चकवा लागतो म्हणतात, त्याच जातीचा हा अनुभव, फक्त तो डोंगराच्या आत संपणारा. अल्बमचे उपशीर्षकच ‘पाच प्रकरणांतील परीकथा’ असे आहे. शब्दांची भाषाही आजची नाही. नॉर्वेत लेखनासाठी डॅनिश वापरली जात होती त्या काळातल्या वळणाची ती आहे. आजच्या कवीने बखरीच्या मराठीत गाणी लिहावीत, तसा हा प्रयोग. पहिल्या प्रकरणात मुलगी ट्रोलांच्या रानात वाट चुकते. तिथे श्रोत्याला ज्या किंकाळीची अपेक्षा असते तिच्याऐवजी एकावर एक रचलेल्या, चर्चमधल्या समूहगानासारख्या शांत स्वरांनी गाणे पुढे सरकते. तिसऱ्या प्रकरणात गिटारांचा कल्लोळ मध्येच थांबतो, पियानो ऐकू येतो आणि त्याच्यासोबत रानातून धावणाऱ्या पावलांचा आवाज येतो. तो ऐकताना मुलीच्या मागे कुणीतरी आहे हे सांगायला शब्दांची गरजच उरत नाही. पस्तीस मिनिटांच्या आतबाहेरचा हा अल्बम ब्लॅक मेटल आणि लोकसंगीत यांच्या मेळाचा आजही सर्वांत देखणा नमुना ठरतो.

१९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेल्डसांगर’ (सायंगीते) या दुसऱ्या अल्बममध्ये विजेवरची गिटार आणि ड्रमचा गदारोळ पूर्णपणे गळाला. हावार्ड योर्गेनसेन यांची अकूस्टिक गिटार, चेलोची साथ आणि रिग यांचा अनेक थरांत मुद्रित केलेला आवाज एवढ्यावरच तो उभा आहे. त्यानंतरचा ‘नाटेन्स माद्रिगाल’ (१९९७) म्हणजे थेट दुसरे टोक. ‘माणसातल्या लांडग्याला उद्देशून आठ स्तोत्रे’ हे त्याचे उपशीर्षक. ध्वनिमुद्रण इतके तीक्ष्ण आणि खरखरीत आहे की पहिल्यांदा ऐकताना कान दुखावा. मात्र पहिल्याच स्तोत्रात हा झंझावात अचानक तुटतो, क्षणभर एकटी अकूस्टिक गिटार वाजते आणि मग पुन्हा सारे कोसळते. त्या फटीतून लक्षात येते की खरखरीमागे अतिशय नेटक्या, गाण्याजोग्या सुरावटी दडलेल्या आहेत. ध्वनिमुद्रण कंपनीने दिलेले पैसे महागड्या सुटांवर आणि गाडीवर उधळून हा अल्बम रानात मुद्रित केला, अशी दंतकथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. बँडने ती नाकारली आहे. हे तीन अल्बम मिळून उल्वरची ‘त्रयी’ म्हटली जाते. त्रयीतच तीन वेगळ्या शैली असल्यामुळे ‘उल्वरने पुढे ब्लॅक मेटल सोडले’ हे विधान अर्धेच खरे आहे. एका जागी ते कधी थांबलेलेच नव्हते.

तरीही १९९८ चे वळण मोठे होते. की-बोर्डवादक व ध्वनिरचनाकार तोरे इल्विसाकर बँडमध्ये आले आणि इंग्रज कवी विल्यम ब्लेक यांच्या ‘स्वर्ग आणि नरकाचा विवाह’ या ग्रंथाचा संपूर्ण मजकूर दोन तबकड्यांच्या अल्बममध्ये संगीतबद्ध झाला. त्यात इलेक्ट्रॉनिक ठेके, औद्योगिक आवाज, रॉक गिटार आणि पठण एकत्र नांदतात. शेवटच्या भागात ‘एम्परर’ या बँडचे इसान व सामोथ आणि ‘डार्कथ्रोन’ या बँडचे फेनरिझ हे ब्लॅक मेटलमधले मातब्बर पाहुणे म्हणून येतात, जणू जुन्या घराचे लोक निरोप द्यायला आले आहेत. याच सुमारास रिग यांनी ‘जेस्टर रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. १९९९ च्या ‘मेटामॉर्फोसिस’ या छोट्या तबकडीसोबत बँडने एक निवेदन छापले : उल्वर हा ब्लॅक मेटल बँड नाही आणि त्याच्यावर तसा शिक्का नको, जुन्या प्रेरणांचा अभिमान आहे, पण त्या प्रकाराशी असलेले नाते ईव्हशी सापाचे होते तसे, पुढे जाण्यासाठी मिळालेल्या चिथावणीचे आहे. अनेक जुने चाहते यानंतर दुरावले. हा स्पष्टवक्तेपणा त्या तरुणांना महागात पडू शकला असता आणि म्हणूनच तो आदरास पात्र आहे.

‘पर्डिशन सिटी’ (२०००) या अल्बममध्ये रान पूर्णपणे मागे पडले आणि रात्रीचे शहर आले. त्याचे उपशीर्षक ‘मनातल्या चित्रपटाचे संगीत’ अशा आशयाचे आहे आणि तो अंधारात, हेडफोन लावून ऐकावा अशी शिफारस सोबत छापलेली आहे. सॅक्सोफोन, सावकाश तुटक ठेके, पियानो आणि टेलिफोन-रेडिओसारख्या खरखरीतून शहराचे एकटेपण उभे राहते. मनातल्या चित्रपटानंतर खरे चित्रपटही आले : पुढच्या काही वर्षांत बँडने स्कँडिनेव्हियन चित्रपटांना संगीत दिले. ‘ब्लड इनसाइड’ (२००५) हा त्यानंतरचा अल्बम दाट आणि नाट्यमय आहे.

‘शॅडोज ऑफ द सन’ (२००७) ही मात्र थांबून ऐकण्याची जागा आहे. येथे ड्रम जवळजवळ नाहीसे होतात. तंतुवाद्यांचे चतुष्टक, ट्रम्पेट आणि हाताचा स्पर्श न करता वाजवले जाणारे थेरेमिन हे वाद्य यांच्यामधून रिग यांचा खालच्या पट्टीतला आवाज चालतो. विषय आहे मावळणे, मरण आणि जे उरते त्याची शांतता. ब्लॅक सब्बाथच्या ‘सॉलिट्यूड’ या जुन्या गीताचे पुनर्गायनही त्यात आहे, म्हणजे हेवी मेटलच्या मूळ बँडचे सर्वांत हळवे गाणे निवडून उल्वरने आपले मेटलशी असलेले नाते वेगळ्याच दाराने जपले. किंकाळीने सुरुवात करणाऱ्या गायकाने कुजबुजीत इतकी ताकद आणावी, हे उल्वरचे सर्वांत मोठे यश म्हणता येईल.

दीर्घकाळ हा बँड ध्वनिमुद्रणशाळेपुरताच होता. मे २००९ मध्ये लिलेहामर येथील साहित्य महोत्सवात त्यांनी पुन्हा रंगमंच गाठला. साहित्य महोत्सवातून परतणे या बँडला शोभणारेच होते. जुलै २०१० मध्ये ऑस्लोच्या राष्ट्रीय ऑपेरागृहात कार्यक्रम झाला. याच काळात इंग्रज वादक डॅनियल ओसलिव्हन बँडमध्ये दाखल झाले. २०१२ मध्ये आर्क्टिक वृत्तापलीकडील ट्रोम्सो शहरात वाद्यवृंदासाठी रचलेली ‘मेसे’ ही उपासनासंगीताच्या धर्तीची कृती सादर झाली व पुढच्या वर्षी तिचा अल्बम निघाला. २०१६ चा अल्बम रंगमंचावरच्या उत्स्फूर्त वादनातून घडवलेला असून त्याचे बारा अक्षरी नाव बारा राशींच्या लॅटिन नावांची आद्याक्षरे जोडून केले आहे.

‘द ॲसॅसिनेशन ऑफ ज्युलियस सीझर’ (२०१७) मध्ये उल्वर चक्क नाचण्याजोग्या सिंथ-पॉपकडे वळले. सुरावटी सहज गुणगुणता येतात, पण शब्द तितकेच जड आहेत. ‘नेमोरालिया’ या पहिल्या गाण्यात नीरोच्या काळातली रोमची आग, डायना देवीचा प्राचीन ऑगस्टोत्सव आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पॅरिसमध्ये झालेला राजकन्या डायनाचा मृत्यू यांची एकत्र गुंफण आहे. ‘फ्लॉवर्स ऑफ ईव्हिल’ (२०२०) त्याच वाटेवरचा, शीर्षकासाठी फ्रेंच कवी बोदलेर यांचे ऋण मान्य करणारा अल्बम आहे.

सुमारे पाव शतक रिग यांच्याबरोबर उल्वरचा आवाज घडवणारे इल्विसाकर ऑगस्ट २०२४ मध्ये निधन पावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘लिमिनल ॲनिमल्स’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील अकरा मिनिटांच्या आसपासची दीर्घ रचना ऑस्ट्रियन कवी गेऑर्ग त्राक्ल यांच्या ‘हेलियान’ या कवितेवर आधारलेली आहे.