हौशी बंदिशकार (बेळगाव सीमाभाग)

हौशी बंदिशकार म्हणजे ज्याचं पोट गाण्यावर चालत नाही, पण जो हिंदुस्थानी रागांत स्वतः नव्या चिजा (बंदिशी, म्हणजे रागात बांधलेली गाणी) बांधतो, चार जाणकारांसमोर मांडतो आणि त्यांचं बरंवाईट ऐकून घेतो असा माणूस. बँकेतला क्लार्क, हायस्कूलचे मास्तर, दवाखाना बंद करून आलेला डॉक्टर, क्लास घेणाऱ्या बाई, कोणीही. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी या पट्ट्यात मराठी बोलणाऱ्या घरांमधे ही हौस बऱ्यापैकी दिसते. आपल्याकडे शास्त्रीय संगीत म्हटलं की हिंदुस्थानीच, राज्य कर्नाटक असलं म्हणून कर्नाटकी नव्हे, हे बाहेरच्यांना दरवेळी सांगावं लागतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण गाण्याचा नकाशा काय बदलला नाही. एका बाजूला मिरज, दुसऱ्या बाजूला धारवाड, आणि आपण मधे.

या मातीतली मोठी नावं सगळ्यांना माहीत आहेतच, पण इथं त्यातली बंदिशी बांधणारी महत्त्वाची. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मले, पुढं देवासला राहिले आणि त्यांच्या बंदिशींचा 'अनूपरागविलास' हा संग्रह निघाला. के. जी. गिंडे १९२५ साली बैलहोंगलचे, लहानपणीच लखनौला श्री. ना. रातंजनकरांकडे गेले. गुरूंची मुद्रा (चिजेत घालायचं टोपणनाव) 'सुजन', म्हणून शिष्यानं आपली 'सुजनसुत' घेतली. आणि त्याच्याही आधी १८४३ साली गुर्लहोसूरला जन्मलेले अण्णासाहेब किर्लोस्कर, ज्यांच्यामुळं तयार चालीवर नवे शब्द बसवायची सवय मराठी माणसाला लागली. ही सवय चांगली की वाईट ते पुढं येतंय.

बहुतेकांची सुरुवात गरजेतून होते, प्रेरणा बिरणा नंतर. क्लासला पोरं असतात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक-प्रवेशिकेची तयारी चाललेली असते, काहीजण राज्य सरकारच्या ज्युनिअर-सीनिअरला बसणार असतात, पुस्तकातली चीज लहान गळ्याला उंच पडते किंवा शब्दच पोरांना झेपत नाहीत, मग बाई स्वतःच एक सरगमगीत (नुसत्या सा-रे-ग-मचं) करतात, मग एक लक्षणगीत (रागाची लक्षणं शब्दांत सांगणारं), मग म्हणतात छोटा ख्यालच बांधून बघू की. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी 'चतुर' या मुद्रेनं ढीगभर लक्षणगीतं केलीत, तो नमुना समोर असतोच. त्यामुळं हौशी कामातली निम्म्याहून जास्त चीज तीनतालातली, मध्य किंवा द्रुत लयीतली असते. झपताल, रूपकमधे हात घालणारे कमी, आणि विलंबित एकतालातला बडा ख्याल नव्यानं बांधणारा तर विरळाच, कारण तिथं शब्द चारच असतात आणि ते पुढं अर्धा तास पुरवायचे असतात.

मांडणं म्हणजे काय तर कुणाच्या तरी घरी रविवारी दुपारनंतर जमायचं. एक तंबोरा, बहुधा मिरजेचा, नाहीतर मोबाईलवरचा तानपुरा, पेटी, तबला, चहा, कधी कुंदा (बेळगावची मिठाई). चीज कागदावर भातखंडे पद्धतीनं लिहून आणायची असा दंडक असतो: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारला वर, समेला (तालाची पहिली मात्रा) फुली, खालीला (टाळी नसलेली मात्रा) शून्य. कोणी देवनागरीत लिहितं, कोणी कन्नड लिपीत, खुणा त्याच असल्यानं अडत नाही. खरी गंमत पुढं. बांधणाऱ्यानं एकदा म्हणून दाखवायची आणि मग कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तो बघून म्हणणार. सूचना न देता त्याची सम बरोबर आली, मुखड्यावर (चिजेची सुरुवातीची ओळ, जिच्यावर परत परत यायचं असतं) परत येताना तो अडखळला नाही, तर चीज पास. अडखळला तर मग चर्चा. माझ्या मते ही या भागातली सगळ्यात शहाणी पद्धत आहे, कारण तोंडावर वाईट बोलायला इथं कोणी धजत नाही (समोरची अक्का कुणाची तरी मावशी निघते), पण गळा खोटं बोलत नाही.

एक उदाहरण घेऊ, इथंच समजुतीसाठी बनवलेलं. मल्हाराच्या एखाद्या प्रकारात, सोळा मात्रांच्या तीनतालात, नवव्या मात्रेपासून मुखडा: 'पाऊस उतरला गं शिवारी'. अक्षरं मोजा. पा-ऊ-स-उ-त-र-ला-गं अशा आठ मात्रा, नऊ ते सोळा, आणि समेवर येतो 'शि'. ऱ्हस्व इकार. समेवर आवाज सोडायला जागाच नाही, तोंड मिटल्यासारखं होतं. पहिली दुरुस्ती कोणीतरी लगेच सुचवणार की ओ 'शिवारी' काढा 'दारी' घाला, समेवर 'दा' पडेल, 'आ' मोकळा मिळेल. बरोबर आहे, गाता येतं. पण खानापूरकडचा माणूस म्हणणार, पाऊस दारात उतरून काय उपयोग, भात तर शिवारात आहे! त्याचा उपाय वेगळा: शब्द तोच ठेवा, मुखडा एक मात्रा आधी उचला, आठवीपासून. आता 'शि' सोळावीवर गेला आणि समेवर 'वा' आला, मोकळा. मात्र तबलजी कुरकुरणार, कारण नवव्या मात्रेची खाली आता 'ऊ'वर येते आणि उठावणीचा 'पा' खालीच्या आधीच्या मात्रेवर एकटाच लोंबकळतो. आता या तिघांत बरोबर कोण? तिघंही. अशा एका अक्षरावर अर्धी बैठक जाते आणि जायलाच पाहिजे.

रागाच्या बाबतीत टीका जास्त कडक असते. भूप म्हणून आणलेली चीज धैवतावर रेंगाळायला लागली की मागून कोणीतरी "देसकार व्हायलंय" म्हणतंच, कारण दोन्हींचे स्वर तेच, भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार आणि देसकाराचा धैवत, फरक सगळा वजनाचा. मारवा-पूरियाचंही तेच दुखणं. नवशिका बंदिशकार आरोह-अवरोह पाळतो आणि समजतो राग पाळला, पण चीज ही रागाची चाल दाखवायला असते, स्वरांची यादी वाचायला नव्हे.

इथला एक खास दोष म्हणजे पेटीवर बांधलेली चीज. बेळगावात पेटीची परंपरा जबरदस्त, रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांच्यासारखे पेटीवाले या गावात होऊन गेले आणि त्यांचे शिष्य लांबवर पोचले. त्यामुळं घरोघरी पेटी, आणि बांधायला बसला की माणूस तंबोऱ्याऐवजी पेटीच ओढतो. बोटाला षड्जावरून पंचमावर उडी मारायला काय लागत नाही, पण गळ्याला मधली वाट लागते, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लागते, ती पट्ट्यांवर सापडतच नाही. अशी चीज ऐकायला चटपटीत आणि गायला खडबडीत. जुने लोक चाल ऐकताच ओळखतात, "पेटीवर केलीय ना?" एवढंच विचारतात, आणि बांधणारा गप्प.

दुसरा दोष नाट्यसंगीतातून आलेला. पदाच्या डोक्यावर मूळ चिजेची चाल दिलेली असायची, त्यात लपवाछपवी नव्हती, तो धंद्याचा रिवाज होता. हौशी माणूस मात्र नकळत प्रसिद्ध चिजेचा मुखडा उचलतो, शब्द बदलतो आणि नवी म्हणून आणतो. बैठकीत यावर ठरलेलं वाक्य आहे, "कुठंतरी ऐकल्यासारखं वाटालंय की ओ." हे ऐकलं की समजायचं. उलटी लबाडीही चालते, काहीजण स्वतःची चीज 'पारंपरिक आहे, आमच्या गुरुजींकडून आली' असं सांगून म्हणतात, म्हणजे लोक मोकळेपणानं दाद देतील आणि गुरूंच्या हयातीत आपण बंदिशी करतो हा आगाऊपणाही ठरणार नाही. जुन्या वळणाच्या घरांत अजून गुरूंना विचारल्याशिवाय चीज बाहेर काढत नाहीत. त्याचा तोटा असा की गुरुजी स्वतः बैठकीत असले तर बाकीचे तोंडच उघडत नाहीत, सगळे "छान, छान" म्हणून चहाकडे वळतात आणि बंदिश होती तशीच कच्ची घरी जाते.

शब्दांच्या भाषेचा प्रश्न इथं सगळ्यात मजेशीर आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि चीज मात्र ब्रजमधे (मथुरेकडची हिंदी बोली)! बहुतेकांची ब्रज ही ऐकीव, म्हणून पिया, बलमा, सास-ननद, बदरिया यांच्यापलीकडं फारशी सरकत नाही. बेळगावच्या टिळकवाडीत राहणारा निवृत्त माणूस पनघटावर कुणाची वाट बघतोय कळत नाही. यावर तीन मतं आहेत. एक, ब्रजच पाहिजे, कारण तिची अक्षरं गोल आणि जोडाक्षरं कमी. दोन, मराठीत बांधा, अभंग रागात चालतात मग ख्यालाला काय होतंय. तीन, कन्नडमधे बांधा, वचनं आणि दासरपदं (कन्नड संतांच्या भक्तिरचना) हिंदुस्थानी रागांत गायची रीत या भागात रुळलेलीच आहे, मल्लिकार्जुन मन्सूरांची वचनं धारवाडपासून निपाणीपर्यंत लोकांच्या कानात आहेत. मराठीची अडचण जोडाक्षरांची आणि शेवटच्या ठाम व्यंजनाची, 'पाऊस'मधला स ओढता येत नाही. कन्नड शब्द बहुतेक स्वरात संपतात म्हणून ते गळ्याला सोपे जातात, हे मराठी घरातले गाणारेही कबूल करतात, फक्त मोठ्यानं नाही. दोन्ही भाषांचे लोक एकाच सतरंजीवर असतात तेव्हा सीमावादाचा विषय कोणी काढत नाही, भांडण निषादावरून होतं.

मुद्रा घ्यायची की नाही यावरही वाद. फैयाज खाँ 'प्रेमपिया', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास', रामाश्रय झा 'रामरंग', हे ऐकून हौशी माणूसही पहिल्याच चिजेच्या अंतऱ्यात आपली मुद्रा घुसडतो. आधी दहा-पंधरा चिजा दुसऱ्यांच्या तोंडी बसू देत मग नाव घाला, असं जाणते सांगतात आणि ते रास्त आहे. मालकीचा मामला कायद्यानं तसा सरळ आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं संगीतरचनेवर कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, पण या बैठकांत कोणी कागद करत नाही. चीज दुसऱ्या क्लासच्या पोरांनी स्पर्धेत म्हटली आणि बांधणाऱ्याचं नाव निवेदकानं घेतलं नाही तर रुसवे होतात, दोन महिने येणंजाणं बंद होतं, मग कुणाच्या तरी घरच्या गणपतीत परत एकत्र बसतात. हल्ली म्हणून लोक कागदावर राग, ताल, नाव आणि तारीख टाकतात आणि मोबाईलवर एकदा म्हणून ठेवतात. नुसत्या लिखाणावर भागत नाही, कारण कण (मुख्य स्वराला लागलेला दुसऱ्या स्वराचा हलका स्पर्श) आणि मींड कागदावर अर्धीच उतरते, आणि दुसऱ्या गावातल्या माणसानं नुसता कागद बघून म्हटली तर तीच चीज वेगळीच ऐकू येते.