क्राफ्ट बिअरचे घरगुती आस्वादन व गुणांकन (नागपूर)

माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा व सुगंध देणारी फुले) आणि यीस्ट (आंबवणारे सूक्ष्मजीव) यांच्या निवडीकडे खास लक्ष देऊन लहान प्रमाणावर बनवलेल्या बिअरची चव घरी ठरावीक क्रमाने घेणे, तिची लेखी नोंद ठेवणे आणि तिला गुण देणे, अशी ही पद्धत आहे. यात पिण्याचे प्रमाण मुद्दाम थोडे ठेवतात. ३३० मिलीची एक बाटली तिघाचौघांत वाटली जाते आणि एका बैठकीत चार-पाच प्रकारांच्या पुढे जात नाहीत, कारण त्यानंतर नाक आणि जीभ दोन्ही थकतात. नागपुरात या पद्धतीला येथील उन्हाळा, घरातले वास आणि सावजी जेवण या तिन्हींचा विचार करावा लागतो. पुण्यामुंबईचे नियम इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी (छोटा बिअर-कारखाना), डूलाली, २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. २०१५ मध्ये बिरा ९१ बाजारात आल्यावर गव्हाची, फिकट ढगाळ बिअर बाटलीतून सर्वदूर पोहोचली. शेजारच्या छत्तीसगडमधील सिंबा हेही याच दशकातले नाव. त्याआधी दुकानात निवड असायची ती बहुधा माइल्ड की स्ट्राँग एवढीच, आणि चवीपेक्षा थंडपणाला महत्त्व होते. अतिशय थंड बिअर जिभेला बधिर करते. म्हणून आस्वादनाची पहिली अट ही की बिअर बर्फासारखी गार नसावी. हलक्या लागरला (फिकट, साध्या चवीची नेहमीची बिअर) ४ ते ६, गव्हाच्या बिअरला ५ ते ८, पेल एलला (सोनेरी-तांबूस, हॉप्सचा वास असलेली) ८ ते १२ आणि स्टाउटला (गडद, भाजलेल्या माल्टची) १० ते १३ अंश सेल्सिअस तापमान साधारणपणे योग्य मानतात.

नागपूरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा साठवणुकीचा आहे. बिअर व्यवसायात ३-३०-३०० असा एक ढोबळ ठोकताळा वापरतात: सुमारे ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस किंवा ३ अंशांत ३०० दिवस ठेवलेली बिअर जवळपास सारखीच शिळी होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो त्या शहरात ट्रकमधून आलेली आणि गोदामात पडून राहिलेली पेटी कोणत्या अवस्थेत असेल, हे यावरून समजते. शिळ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, हॉप्सचा ताजेपणा जातो आणि माल्टला मधासारखा जड गोडवा चढतो. याचा सर्वाधिक फटका आयपीएला (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्स घातलेली कडू बिअर) बसतो, कारण तिचे सारे सौंदर्य हॉप्सच्या सुगंधात असते. गडद स्टाउट ही हानी बरीच झाकून घेते. त्यामुळे लेबलवरील उत्पादनाची तारीख वाचणे, बाटली फळीवरून न घेता दुकानातल्या फ्रिजमधून घेणे आणि नोंदवहीत खरेदीची तारीख लिहिणे, या तीन गोष्टींशिवाय दिलेले गुण अपुरे ठरतात. उन्हाने बिघडलेल्या बाटलीचा दोष बनवणाऱ्याच्या माथी मारणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रकाशानेही बिअर नासते. हॉप्समधील कडू घटक प्रकाशात फुटून एक उग्र, गंधकी दुर्गंधी तयार होते. तपकिरी काच यापासून बरेच संरक्षण देते, हिरवी किंवा पांढरी काच फारच थोडे, आणि कॅन पूर्ण.

बैठकीची जागा निवडताना कूलरचा विचार आधी करावा. येथील अनेक घरांत उन्हाळाभर वाळ्याचा कूलर चालतो. त्याचा गंध सुखद असला तरी हॉप्सचा नाजूक वास तो सहज गिळून टाकतो. उदबत्ती, अत्तर आणि स्वयंपाकघरातली फोडणी यांचेही तसेच. वास घेण्यापुरता कूलर बंद ठेवावा. खोली तापते आणि पेल्यातली बिअर काही मिनिटांतच कोमट होऊ लागते, म्हणून नागपुरात बिअर सांगितलेल्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश गार ओतणे शहाणपणाचे. या गरम होण्याचा एक फायदाही आहे. पहिल्या घोटाला बंद असलेले गंध शेवटच्या घोटापर्यंत उलगडतात, त्यामुळे दोन्ही वेळची नोंद वेगवेगळी करावी. तरीही ज्यांना गुणांची आपसांत तुलना करायची आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत.

पेला तोंडाशी किंचित निमुळता असावा. साधा वाइन ग्लासही चालतो. त्याला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो. घरगुती बैठकीत ‘फेस टिकत नाही’ या नोंदीमागे बऱ्याचदा बिअर नसून भांडी घासण्याची पद्धत असते. क्रम हलक्याकडून गडदकडे, कमी मद्यार्काकडून जास्तीकडे. दोन बिअरच्या मध्ये साधे पाणी आणि पावाचा तुकडा किंवा फिके मुरमुरे पुरेत. संत्र्याची फोड मात्र मध्ये खाऊ नये, तिच्या आंबटपणाने पुढची बिअर पचपचीत लागते.

वासाचे वर्णन करणे नवख्यांना सर्वांत अवघड जाते. बिअरच्या चवीचे अभ्यासक मॉर्टन मिलगार्ड यांनी १९७० च्या दशकात बिअरच्या गंध-चवींचे वर्गीकरण एका चक्राच्या रूपात मांडले आणि ते जगभर वापरात आले. पण चक्रातली फळे-फुले आपल्या नाकाला ओळखीची नसतील तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. नागपूरकराने आपल्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टमुळे पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. स्टाउटमध्ये करपट भाजलेले फुटाणे, कॉफी आणि काकवी सापडते. उकडलेल्या भुट्ट्याचा वास आला तर तो माल्टमधून राहिलेला दोष समजावा, हिरव्या सफरचंदाचा आला तर आंबवण अपुरे, आणि लोण्याचा आला तर बहुधा यीस्टला काम पूर्ण करू दिले नाही असे धरावे. एखाद्या फिक्या लागरमध्ये लवंगेच्या काढ्याचे दोन थेंब टाकून तो वास आधी ओळखीचा करून घेणे हा उत्तम सराव आहे.

बेल्जियन विटबिअर हा प्रकार या शहराला विशेष जवळचा वाटावा. त्यात न माल्ट केलेला गहू, धने आणि संत्र्याची वाळलेली साल घालतात. बेल्जियमच्या हूखार्डन गावात लोप पावलेला हा प्रकार पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये पुन्हा सुरू केला. परंपरेने त्यात वापरतात ती साल कडू संत्र्याची असते. नागपुरी संत्रे मँडरिन जातीचे, सुट्या पातळ सालीचे आणि गोडसर तेलाचे, त्यामुळे त्याचा गंध वेगळा. अंबिया बहाराची संत्री बाजारात आली की ताजी साल, वाळलेली साल आणि रस या तिन्हींचा वास घेऊन मग विटबिअर चाखावी. नुसते ‘संत्र्यासारखी’ असे लिहिण्याऐवजी यांपैकी नेमके काय जाणवते ते लिहिता येते. इतक्या बारकाईने नोंद करण्याची सोय फार थोड्या शहरांतल्या लोकांना आहे.

गुणांकनासाठी घरोघरी पाच ताऱ्यांची पद्धत रूढ आहे. त्यापेक्षा अमेरिकेतील बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची (स्थापना १९८५) ५० गुणांची पत्रिका शिस्त लावते: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातील स्पर्श ५ आणि एकूण प्रभाव १०. वास आणि चव मिळून ३२ गुण होतात आणि रंगरूपाला अवघे ३ उरतात. ३० ते ३७ गुणांची बिअर फार चांगली, ३८ ते ४४ उत्कृष्ट आणि ४५ किंवा त्यापुढची असामान्य गणली जाते. प्रत्येक बिअर तिच्या प्रकाराच्या निकषावर तोलायची असते. लवंगेचा वास जर्मन गव्हाच्या बिअरचा गुण, तर पिल्सनरचा (फिक्या लागरचा एक प्रकार) दोष. ‘मला कडू आवडत नाही’ म्हणून आयपीएचे गुण कापणे हे गुणांकन नव्हे. आवडीसाठी वेगळा रकाना ठेवावा.

आधी शब्द लिहावेत, मग आकडा, आणि सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणी बोलू नये. बैठकीत वडीलधाऱ्याने किंवा जाणकार समजल्या जाणाऱ्याने ‘छान आहे’ म्हटले की बाकीच्यांचे आकडे वर सरकतात. शक्य असेल तेव्हा एकाने आत जाऊन पेले भरावेत आणि एकच बिअर न सांगता दोनदा द्यावी. तिच्या दोन गुणांत मोठा फरक पडला तर त्या दिवशीचे सगळेच आकडे सैल धरावेत.

चखणा गुणांकन संपल्यावरच काढावा. सावजी रश्श्याच्या तिखटाने जीभ पोळली की कडवटपणा आणि बुडबुडे दोन्ही टोचू लागतात, आणि आयपीएने ही आग आणखी भडकते. सावजी मटणासोबत घ्यायचीच तर माल्टचा गोडवा असलेली, कमी कडू, तांबूस किंवा गडद बिअर घ्यावी. पाटोडी किंवा पुडाच्या वडीसोबत गव्हाची बिअर छान जुळते.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे. नागपूरला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि विदर्भातीलच गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी लागू आहे. त्यामुळे बैठकीत उरलेल्या बाटल्या तिकडे नेता येत नाहीत.